माझ्या पोटातलं पातं

बसलात तसेच बसा, मित्रांनो, उठू नका. ओझ्याची मला सवय आहे. ज्या हिरव्या बाकड्यावर बसून तुम्ही चित्रं रंगवता, ते बाकडं नव्हे. ती मी आहे. मी एका मोठ्या चित्राला गावोगाव नेणारी जुनी लाकडी पेटी आहे, आणि मला खोकं म्हटलेलं मी खपवून घेत नाही. खोक्यात चपला येतात. माझ्या पोटातून एक चित्र चौदा वेळा परगावी गेलं आणि चौदाही वेळा बिनओरखड्याचं परत आलं.

पंधराव्या वेळी त्या चित्राबरोबर माझ्या पोटात एक उघडं पातं राहिलं. ते मला ठाऊक होतं, दुसऱ्या कुणालाही नव्हतं. आणि मला तोंड नाही. तीच गोष्ट सांगायची आहे, पण आधी माझं घराणं ऐका.

मला या संग्रहालयाच्या सुताराने घडवलं. माणूस तोंडाने फाटका, पण हात सोन्याचे. माझी पहिली फळी कापण्याआधी त्याने चित्राचं माप चार वेळा घेतलं. कुणीतरी हसलं तर म्हणाला, "जागा बोटभर जास्त झाली तर चित्र आत नाचेल, बोटभर कमी झाली तर गुदमरेल. हसायचं असेल तर बाहेर जाऊन हस, माझा आकडा चुकेल." मी कपाटासारखी उभी, समोर दारासारखं झाकण, झाकणाला सोळा स्क्रू. कडेला रबर, म्हणजे ओल आत येऊ नये. आत चित्राच्या मापाने कापलेला राखाडी फोम. बाहेरून हिरवा रंग, आणि त्यावर डोक्याकडे टोक केलेले दोन लाल बाण. कुठली बाजू वर ठेवायची हे सांगणारे. मला आडवी करायची नाही, हा माझा पहिला मान होता.

माझ्यात राहायच्या त्या दोन बहिणी. चित्रातल्या हो. एक ओली चादर दोन टोकांना धरून पिळताहेत. थोरली मान खाली घालून जोर लावते आहे. धाकटी कामचुकार, पिळता पिळता आपल्याकडे बघून हसते आहे. माझ्या अंधारात त्या झाकणाकडे तोंड करून उभ्या असत आणि त्यांच्या चेहऱ्यांपुढे चार बोटं मोकळी जागा असे. त्या चार बोटांत हवेशिवाय काहीही येता कामा नये, असा नियम होता. तो नियम म्हणजे मी.

प्रदर्शनात लोक त्या बहिणींपुढे रांगा लावत. म्हणत, "काय ताजं चित्र आहे हो, कालच काढल्यासारखं!" अरे बाबांनो, ते कालच काढल्यासारखं राहिलं ते कुणामुळे? पण शिजवणारी चुलीपाशी आणि वाहवा वाढणारीची. माझी जागा तळघरात, तीन पायांच्या खुर्च्यांशेजारी. एकदा तर माझ्या डोक्यावर कुणीतरी चहाचा पेला ठेवला. त्याचा गोल डाग अजून आहे. मी विसरलेले नाही.

वर्षानुवर्षं मला भरण्याचं आणि बंद करण्याचं काम एकाच माणसाचं होतं. त्याला सगळे मामा म्हणत. संग्रहालयाच्या मोठ्या बाईसुद्धा मामाच म्हणत. सव्वीस वर्षं मामांनी चित्रं बांधली आणि एकाही चित्राला नख लागू दिलं नाही. मामांची हत्यारं अकरा. ती एका पांढऱ्या फळीवर टांगलेली असत आणि प्रत्येक हत्याराखाली त्याचाच आकार मामांनी स्वतःच्या हाताने काळ्या रंगात काढलेला होता. हातोडीखाली हातोडी, पट्टीखाली पट्टी, कटरखाली कटर. म्हणजे जागा रिकामी दिसली की कळावं, काय राहिलं. झाकण लावण्याआधी मामा त्या फळीपुढे उभे राहून मोठ्याने म्हणत, "अकरा." मग कागद सांभाळणारं माणूस कागदावर लिही, "आत परकी वस्तू नाही," आणि सही करी. सहीशिवाय झाकण नाही, आणि अकरा ऐकल्याशिवाय सही नाही.

त्या वर्षी कागद सांभाळणारं माणूस म्हणजे मामांची लेक. ती चित्रांची डागडुजी शिकून आली होती. हाताची हलकी, जिभेची जड. नोकरी अजून कच्ची होती. वर्षाची मुदत दहा दिवसांनी संपायची होती आणि मग मोठ्या बाई ठरवणार होत्या, ठेवायची की नाही. लोकांची तोंडं काय, ती कुणी धरलीत? "बापाने चिकटवली," असं ते जिन्यात बोलत, तिला ऐकू जाईल इतक्या हळू. म्हणून कामावर असताना पोरगी बापाला बाबा म्हणतच नसे. तीही सगळ्यांसारखं मामाच म्हणे. नव्या माणसाला हसू येई. ती हसत नसे.

आता मामांची एक गोष्ट मला माहीत होती. त्यांना जवळचं दिसेनासं झालं होतं. स्क्रूची खाच ते अंगठ्याने चाचपून बघत. मोजपट्टी हातभर लांब धरत आणि कुणी बघितलं तर "उजेड बरा नाही" म्हणत. चष्मा करून आणला होता, पण तो डब्याच्या पिशवीतून बाहेर निघत नसे. का, तर चष्मा दिसला की लोक म्हणतील, मामा थकले, झाकणं दुसऱ्याला द्या. पुरुषाचा ताठा, दुसरं काय! ताठ्याचं मला नवल नाही, माझ्यात तो मामांपेक्षा जास्त आहे. पण माझ्या ताठ्याने कुणाचं चित्र कापलं जात नाही.

त्या दिवशी दुपारी तीनला ट्रक दारात लागला. दुसऱ्या शहरातल्या संग्रहालयाला बहिणी हव्या होत्या आणि तिथले एक साहेब स्वतः न्यायला आले होते. कडक इस्त्रीचा माणूस. घड्याळ मनगटावर आणि नजर सतत घड्याळावर. चारच्या आत निघायचं, नाहीतर पुढची गाडी चुकते, हे ते येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत होते.

मामांनी बहिणींना माझ्यात उभं केलं. वरच्या कोपऱ्यात फोम अंगठाभर सैल लागला. मामांनी कटरचं पातं बाहेर काढलं, फोमची एक पट्टी कापली आणि ती कोपऱ्यात दाबू लागले. दाबायला दोन्ही हात हवेत, म्हणून कटर तिथेच, चौकटीच्या वर, फोमच्या कडेवर ठेवला. पातं उघडंच.

"अजून किती वेळ?" साहेबांनी पाठीमागून विचारलं.

"साहेब, पोळी नाही लाटत, चित्र बांधतोय," मामा वळून म्हणाले. हमाल हसले. दोन हमाल होते, एक लांबुडका आणि एक गोल. मामांनाही स्वतःच्या बोलण्याची गंमत वाटली. ते हसत हसत फळीकडे गेले, आणि माझ्या अंगावर काटा आला म्हणतात ना, तसं झालं. मामा, मागे बघा! पण लाकडाचं कोण ऐकतं?

मामांनी फळीकडे पाहिलं. कटरच्या जागी काळा कटर होता. रंगाचा. त्यांनीच काढलेला. आयुष्यभर चित्रांच्या घरात राहिलेला माणूस, आणि स्वतःच्याच चित्राला फसला.

"अकरा," मामा म्हणाले.

लेकीने लिहिलं आणि सही केली. साहेबांनी तिच्याखाली सही केली. झाकण आलं, अंधार झाला. एकेक करून सोळा स्क्रू फिरले. त्यातल्या वरच्या दोघांवर यंत्र तिरकं बसलं आणि त्यांच्या खाचा खरडून सपाट झाल्या. तेही मामांना दिसलं नाही.

आता माझी अवस्था ऐका. बहिणींच्या डोक्यावर पातं. मी सरळ उभी आहे तोवर ते फोमवर पडून राहील. झाकणाच्या बाजूला कलले, तर ते घसरून त्या चार बोटं मोकळ्या जागेत येईल. आणि मग उलट्या बाजूला कलले, तर थेट कापडावर. ताणलेलं कापड ते, त्याला पातं म्हणजे लोण्याला सुरी. आणि ट्रकमध्ये चढायला दारात फळ्यांचा उतार लावलेला होता.

हमालांनी मला ढकलगाडीवर घेतलं. "नवरीला सांभाळून," लांबुडका म्हणाला.

"हिची नातवंडं झाली असतील," गोल म्हणाला. दुसरा दिवस असता तर त्याचं बोट दाराच्या सांध्यात धरलं असतं. त्या दिवशी मी श्वास धरून होते.

आत खोलीत मामा फळी पुसायला घेत होते. काम संपलं की प्रत्येक हत्यार फडक्याने पुसून परत टांगायचं, ही त्यांची रीत. हातोडी पुसली. पट्टी पुसली. कटर काढायला हात घातला आणि बोटं सपाट रंगावर घासली गेली. दार उघडं होतं, मी अजून उंबऱ्यात होते. मग त्यांनी खिसे चाचपले. टेबलाखाली पाहिलं. केराची टोपली उलटी केली. देवा, काखेत कळसा असता तर बरं झालं असतं! कळसा माझ्या पोटात होता.

मामांना कळलं. त्यांच्या चेहऱ्यावरून मला दिसलं, की त्यांना कळलं. आणि तरी ते बोलले नाहीत.

मित्रांनो, मला त्यांचा राग आला. पण त्यांची नजर कुठे होती ते मी पाहिलं. ती लेकीवर होती. लेक कागद छातीशी धरून माझ्याबरोबर चालत होती. त्या कागदावर तिची सही होती. बोलावं, तर दहा दिवसांवर आलेली तिची नोकरी जाते, आणि जिन्यातली तोंडं म्हणणार, पाहिलंत? बापलेकींनी संगनमताने गोंधळ घातला. न बोलावं, तर कदाचित कटर दुसरीकडेच कुठेतरी पडलेला असेल. माणूस घाबरला की "कदाचित"च्या फांदीला लोंबकळतो. ती फांदी कुणाचं वजन पेलत नाही.

गाडीची पुढची चाकं उतारावर चढली. मला झाकणाच्या बाजूला कल आला. फोमवर कटर सरकला. एक बोट. दोन बोटं. त्याचं टोक कडेबाहेर आलं. खाली धाकटीचा हसरा गाल होता.

"जोर लाव," गोल म्हणाला.

"थांबा!" मामा इतक्या मोठ्याने ओरडले, की ट्रकचा चालक खाली उतरून आला. "थांबा रे पोरांनो! तिला वर नेऊ नका, खाली आणू नका. आहे तशी धरा!"

दोघांनी मला खांद्यांनी टेकू दिला. उताराच्या मधोमध मी तिरकी उभी. साहेब म्हणाले, "हे काय नवीन?"

मामा धापा टाकत आले. साहेबांकडे बघितलंच नाही. लेकीला म्हणाले, "कटर आत आहे. पातं उघडं."

"तुम्ही अकरा म्हणालात."

"म्हणालो."

"बघून म्हणालात ना?"

"बघितलं. पण दिसलं नाही." मामांनी डोळ्यांकडे बोट केलं. "रंग दिसला मला. मला वाटलं, तोच आहे."

तिने छातीशी धरलेला कागद खाली घेतला. "कधीपासून दिसत नाही, बाबा?"

बाबा म्हणाली. सगळ्यांच्या देखत म्हणाली आणि तिच्या ते लक्षातही आलं नाही.

"ते घरी विचार. आता पेटी उघड."

साहेबांचा पारा चढला होता. "अहो, सही झाली आहे! माझीही आहे! आधी ही पेटी खाली घ्या, मग बघू काय ते."

"खाली घेताना कल बदलेल, साहेब," लेक म्हणाली. "पातं पुढे सरकलं असेल तर मागे येईल, चित्रावर. इथेच उघडायची. तुम्ही कागद धरा." आणि तिने खरंच कागद त्यांच्या हातात कोंबला. साहेबांनी तो धरला. माणूस कडक असो नाहीतर मऊ, हातात काम दिलं की गप्प बसतो.

स्क्रू निघू लागले. मामांनी आता डब्याच्या पिशवीतून चष्मा मागवून नाकावर चढवला होता. एक, दोन, पाच, नऊ. हमालांचे खांदे थरथरत होते आणि त्यांच्याबरोबर मी. "मामा, लवकर हो," लांबुडका म्हणाला, "पाय सरकतोय." चौदा निघाले. वरचे दोन जागचे हलेनात. यंत्र नुसतं फिरे, खाच धरेना.

"ड्रिल लावू?" चालकाने विचारलं.

"हादरे बसतील," लेक म्हणाली. "पहार आणा. झाकणाची कड फोडून काढू."

मामा अडखळले. माझ्या कडेवरून त्यांनी हात फिरवला. "सुताराने एकेक सांधा डिंक भरून बसवलाय गं. फोडली तर ही पुन्हा पेटी व्हायची नाही. रबर जाईल, ओल धरेल. पंधरा वर्षांची सोबत आहे."

"पेटीचं काय घेऊन बसलात, बाबा!"

मला झोंबलं. खोटं कशाला बोलू? चौदा प्रवास, एक ओरखडा नाही, आणि ही कालची पोर म्हणते, पेटीचं काय! पण तेवढ्यात कटर आणखी नखभर सरकला, आणि मला वाटलं, बरोबर बोलते आहे पोरगी. पेटी पेटीसाठी नसते. मी मनातल्या मनात म्हणाले, घाला पहार. आयुष्यभर घट्ट राहण्याचा मान मिरवला. आता सुटण्याचं काम आहे, तर तेही नीट करू.

मामांनीच पहार घातली. एक झटका. कोरड्या फांदीसारखी माझी कड मोडली आणि झाकण वरून हातभर उघडलं. त्या झटक्यानेच कटर सुटू लागला.

फट पडताक्षणी लेकीचा हात आत गेला होता. फटीतून कोपरापर्यंत. तिला काही दिसत नव्हतं. कटर पडताना चौकटीला लागला, तो टक्क आवाज तिने ऐकला, आणि तिने पंजा उलटा करून कापडापुढे धरला. पातं हातमोजा फाडून तळव्यात शिरलं. ती ओरडली नाही. मूठ मिटली, त्या मुठीत कटर, आणि हात तसाच हळूहळू, कापडाला न लावता, बाहेर काढला. बाहेर आल्यावर म्हणाली, "फडकं धरा खाली. रक्त फडक्यात पडू दे, चित्रावर नको." मग खाली बसली.

धाकटीच्या गालापासून पातं बोटभर लांब अडलं होतं. ते बोट या पोरीचं होतं.

साहेबांनी दिवा मागवला आणि बहिणींचं अंगप्रत्यंग भराभर तपासलं. ओरखडा नाही. मग ते लेकीच्या हाताकडे बघत म्हणाले, "आधी हिला टाके घालून आणा. गाडी चुकली तर चुकली." घड्याळाकडे त्यांनी बघितलं नाही. मी त्यांच्याबद्दल जे काही बोलले, त्यातलं निम्मं मागे घेते.

आता सगळं गोड झालं असं समजू नका. मोठ्या बाईंनी बापलेकींना समोर उभं करून असं झापलं, की तळघरात ऐकू आलं. लेकीची नोकरी दहा दिवसांनी पक्की झाली नाही. सहा महिने लांबली. "सही करताना बापाचे शब्द नाही, स्वतःचे डोळे लावायचे," मोठ्या बाई म्हणाल्या, आणि त्या चुकीचं बोलल्या नाहीत. सहा महिन्यांनी मात्र पक्की झाली, आणि जिन्यातल्या तोंडांना नवा विषय शोधावा लागला. मामांकडून झाकणं लावण्याचं काम गेलं. आता ते चष्मा लावून फोम कापतात आणि लेक वर बसून चुका काढते. "रेघ वाकडी आहे, बाबा." "मग तू काप!" असं चालतं दिवसभर. फळीवरचे काळे आकार मामांनी खरवडून काढले आणि भडक लाल रंगात पुन्हा काढले.

बहिणी तीन दिवसांनी नव्या पेटीतून गेल्या. नवी पेटी आहे बरी, मला काही तिचा मत्सर नाही. जरा रुंद आहे, एवढंच म्हणेन.

मला जाळायचं ठरलं होतं. मामा आडवे आले. त्यांनी माझी फुटकी कड घासली, मला आडवी केली आणि इथे, तुमच्या चित्रांच्या वर्गात आणून ठेवली. हो, आडवी! माझा पहिला मान गेला. त्या दोन लाल बाणांवर आता तुम्ही बसता. पण तुमच्या हातून रंग सांडतो, तुम्ही भांडता, चुकता, पुसता आणि पुन्हा काढता. हे मला तळघरापेक्षा बरं वाटतं.

माझ्या कडेला बोट लावून बघा, मित्रांनो. हळू, कुसळ टोचेल. इथे लाकूड मोडलं आहे. कुणाच्याही हातून चूक होते. सव्वीस वर्षं न चुकलेल्या माणसाच्या हातूनही होते. त्याची लाज धरू नका. डोळ्यांना दिसत नसेल तर दिसत नाही म्हणा. हातून काही राहिलं असेल तर राहिलं म्हणा, आणि गाडी उंबऱ्यात असतानाच म्हणा. मामा उंबऱ्यातच बोलले असते, तर सोळा स्क्रू निवांत काढता आले असते आणि मी आज तुम्हाला ही गोष्ट सांगत नसते, कुठल्यातरी गावी बहिणींना घेऊन उभी असते. ते उतारावर बोलले. उतारावर बोललं तरी चालतं, पण तेव्हा कुणीतरी मोडावं लागतं आणि कुणाचा तरी हात कापला जातो. त्या दिवशी मोडायला मी होते. दर वेळी मोडायला पेटीच असेल, असं नाही.